तोफा कशा ओतल्या जात : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

किल्ल्यांवरील जुन्या तोफांविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी ओतकामाशी थेट संबंध असलेले प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. लढायांची वर्णने पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतात, पण ज्या खड्ड्यात तोफ तयार होई त्या खड्ड्याकडे आणि तिथे राबणाऱ्या ओताऱ्यांकडे फारसे लक्ष दिले जात नाही. म्हणून काही उत्तरे मुद्दाम सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : विजापूरची मुलूखमैदान तोफ मुळात अहमदनगरला ओतली गेली, असे वाचनात आले. एवढी अवजड तोफ एकाच वेळी ओतणे त्या काळी कसे शक्य झाले? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे. पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत, १५४९ साली, ही तोफ अहमदनगरला ओतली गेली आणि ती ओतणाऱ्याचे नाव, मुहम्मद बिन हुसेन रूमी, तोफेवरच कोरलेले आहे. ‘रूमी’ या उपनावावरून तो उस्मानी तुर्कांच्या मुलखातून आलेला होता हे कळते. पुढे ही तोफ परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ साली आदिलशाहीचे सरदार मुरार जगदेव यांनी ती तिथून विजापूरला नेली. तिची लांबी सुमारे १४ फूट, तोंडाचा व्यास सुमारे २८ इंच आणि वजन सुमारे ५५ टन भरते. तोंडाशी आ वासलेल्या सिंहाचा जबडा असून त्याच्या दातांत हत्ती सापडलेला दाखवला आहे. मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये असलेली आणि जगभर प्रसिद्ध झालेली ‘झार तोफ’ आंद्रेई चोखोव्ह याने १५८६ साली ओतली. तिचे तोंड मुलूखमैदानपेक्षा रुंद आहे, पण वजन सुमारे ३९ टनच आहे. अहमदनगरच्या ओतशाळेने त्याआधी ३७ वर्षे केवढे काम पार पाडले होते, हे या तुलनेवरून ध्यानात येईल.

रूमी ज्या परंपरेतून आला त्या परंपरेतील कामाचे वर्णन क्रिटोबुलस या ग्रीक इतिहासकाराने करून ठेवले आहे. १४५३ साली दुसऱ्या मेहमद सुलतानाने कॉन्स्टँटिनोपलला वेढा घातला, तेव्हा ऑर्बान नावाच्या हंगेरियन ओताऱ्याने त्याच्यासाठी प्रचंड तोफा ओतल्या. त्या कामासाठी चिकणमाती कित्येक दिवस मळून, ती तडकू नये म्हणून तिच्यात तागासारखे तंतू मिसळून साचा केला गेला, साच्याच्या मधोमध मातीचाच गाभा उभा केला गेला, सभोवती लाकूड, लोखंड, दगड आणि माती यांचा आधार दिला गेला, आणि बाजूला बांधलेल्या भट्ट्यांत तांबे आणि कथील तीन दिवस आणि तीन रात्री भाते चालवून वितळवले गेले, असे तो सांगतो. अशाच पद्धतीने मुनीर अली याने १४६४ साली ओतलेली सुमारे १७ टनांची तोफ आज इंग्लंडमध्ये आहे. १८६६ साली सुलतान अब्दुल अझीझने ती व्हिक्टोरिया राणीला भेट म्हणून दिली. ती दोन तुकड्यांची आहे आणि हे तुकडे ओतीव आट्यांनी एकमेकांत बसतात.

युरोपात पुढे रूढ झालेली रीत अशी होती. प्रथम निमुळत्या लाकडी दांड्यावर गवताचा दोर गुंडाळून त्यावर मातीचे थर देत, तोफेच्या बाह्य आकाराप्रमाणे कापलेली फळी एका बाजूस टेकवून आणि दांडा फिरवत फिरवत, मातीची हुबेहूब तोफ तयार करीत. नक्षी, अक्षरे आणि राजमुद्रा मेणात घडवून तिच्यावर बसवीत. या मातीच्या तोफेला राख आणि चरबी यांचा लेप देऊन तिच्यावर बारीक माती, घोड्याची लीद आणि केस यांच्या मिश्रणाचे थरावर थर चढवीत आणि बाहेरून लोखंडी पट्ट्यांनी आवळत. हे सारे आतून-बाहेरून जाळ करून वाळवले की दांडा ठोकून काढला जाई, दोर ओढून घेतला जाई आणि आतली मातीची तोफ फोडून बाहेर काढली जाई. मागे उरे तो साचा. नळीची पोकळी राहावी म्हणून लोखंडी गजावर माती थापून केलेला गाभा साच्यात मध्यभागी सोडत आणि तो हलू नये म्हणून लोखंडी आधार देत. मग हा साचा खोल खड्ड्यात, तोंड वर आणि बूड खाली अशा स्थितीत उभा करून भोवती माती ठासून भरीत.

तोंड वर ठेवण्यामागे पक्के कारण होते. धातू थंड होताना आकसतो आणि वरच्या भागात पोकळ्या धरतो. म्हणून साच्याची उंची तोफेच्या लांबीपेक्षा बरीच जास्त ठेवीत. त्या जादा भागातील धातू स्वतःच्या वजनाने खालच्या धातूला दाबून घट्ट करी आणि आकसण्यामुळे पडणारी तूट भरून काढी. तोफ निवल्यावर हा वरचा भाग करवतीने कापून पुन्हा भट्टीत टाकीत. तोफेचे बूड सर्वांत खाली आल्यामुळे दारूचा स्फोट जिथे होणार त्या जागी धातू सर्वांत भरीव मिळे. ओत सुरू झाला की तो मध्येच थांबवता येत नसे, कारण निवलेल्या थरावर नवा धातू नीट जुळत नाही आणि नेमक्या त्याच ठिकाणी तोफ फाटते. साहजिकच मोठ्या तोफेसाठी एकाहून अधिक भट्ट्या एकाच वेळी योग्य तापमानाला आणाव्या लागत. माझ्या मते रूमीसारख्या ओताऱ्याची खरी कसोटी सिंहाच्या जबड्याच्या नक्षीत लागली नव्हती, ती या एका मुहूर्तावर लागली होती.

ओलावा हा या कामाचा सर्वांत मोठा शत्रू होता. १७१६ साली लंडनच्या मूरफील्ड्स भागातील ओतशाळेत फ्रेंचांकडून जिंकलेल्या तोफा वितळवून नव्या ओतण्याचे काम चालू असताना साचा पुरता वाळलेला नव्हता. तप्त धातू ओलाव्याला भिडताच वाफेचा स्फोट झाला आणि १७ माणसे दगावली. त्यानंतरच इंग्रज सरकारने लंडनजवळच्या वूलिच येथे स्वतःची ओतशाळा उभारली.

मुलूखमैदानच्या नशिबी पुढे एक अपमानही आला. १८५४ साली कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांनी ती निरुपयोगी सामान म्हणून लिलावात काढली आणि सर्वांत मोठी बोली १५० रुपयांची लागली. एवढ्या कमी किमतीला ती देणे योग्य नाही, असे एका अधिकाऱ्याने ठरवले, म्हणून ती वाचली.

प्रश्न : घंटा ओतणारे आणि तोफा ओतणारे कारागीर एकच असत, हे खरे आहे का? नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेचा तोफांशी काही संबंध आहे का? (एक वाचक भगिनी, नाशिक)

उत्तर : युरोपात तरी हे मोठ्या प्रमाणावर खरे होते. तोफा येण्याच्या कितीतरी आधीपासून चर्चसाठी अवजड घंटा ओतल्या जात होत्या आणि खड्डा, मातीचा साचा, गाभा व भट्टी ही सारी सामग्री घंटा ओतणाऱ्यांकडे तयार होती. राजांना तोफा हव्याशा वाटू लागल्या तेव्हा ते याच कारागिरांकडे वळले. धातूंतही भावकी होती. तोफेच्या काशात सुमारे दहा टक्के कथील असते, तर घंटेच्या काशात ते बावीस-तेवीस टक्क्यांपर्यंत जाते. कथील वाढले की धातू कठीण आणि नादमय होतो, पण ठिसूळही होतो. मुलूखमैदान तोफेच्या धातूत तांबे सुमारे ८० आणि कथील सुमारे २० टक्के आहे, म्हणजे तिचा धातू घंटेच्या धातूच्या अगदी जवळचा आहे. तरी ती फुटली नाही, याचे श्रेय तिच्या भिंतींच्या अवाढव्य जाडीला द्यावे लागेल.

या जवळिकीमुळे युद्धकाळात घंटांवर संकट येई. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तेथील चर्चमधील असंख्य घंटा तोफांसाठी वितळवल्या गेल्या. आपल्याकडे याच्या अगदी उलट घडले. पोर्तुगीजांच्या मुलखातून मराठ्यांच्या हाती आलेल्या घंटा देवळांत टांगल्या गेल्या. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेशी या घंटांचा संबंध जोडला जातो. नारोशंकराच्या घंटेवर १७२१, भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ आणि वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आहे. कासे तेव्हा महाग होते आणि तोफांची गरजही मोठी होती. असे असूनही या घंटा भट्टीत गेल्या नाहीत, याचे मला मनापासून समाधान वाटते.

प्रश्न : काशाच्या तोफा लोखंडी तोफांपेक्षा चांगल्या मानल्या जात, तर मग जहाजांवर सर्वत्र लोखंडी तोफाच का दिसतात? (नौदलातून निवृत्त झालेले एक वाचक, अलिबाग)

उत्तर : याचे थोडक्यात उत्तर ‘किंमत’ असे आहे, पण त्या एका शब्दात तीन शतकांचा खटाटोप सामावलेला आहे.

काशाची तोफ चिवट असते. ती फुटण्याआधी बहुधा फुगते किंवा तिला तडा दिसतो आणि गोलंदाजाला इशारा मिळतो. ती गंजत नाही आणि निकामी झाली तरी वितळवून तिची नवी तोफ ओतता येते. ओतीव लोखंड, म्हणजे बीड, ठिसूळ असते आणि कसलीही सूचना न देता तुकडे होऊन उडते. त्यामुळे त्याची भिंत जाड ठेवावी लागते. जहाजाच्या अरुंद मजल्यावर शेकडो माणसे दाटीवाटीने काम करीत असताना तोफ फुटली तर काय होत असेल, हे आपल्यासारख्या नौसैनिकाला सांगायला नको. दुसरीकडे, काशाची तोफ भराभर डागली तर तापून मऊ पडते, आणि तांबे व कथील यांची किंमत लोखंडाच्या कित्येक पट असते. एका किल्ल्यासाठी दहा तोफा ओतायच्या तेव्हा हा खर्च राजा सोसू शकतो, पण शंभर जहाजांना प्रत्येकी सत्तर-ऐंशी तोफा द्यायच्या म्हटल्यावर कोणत्याही राज्याचा खजिना पुरत नाही.

१५४३ साली इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील बक्स्टेड या गावी राल्फ हॉग आणि पीटर बॉड यांनी बिडाच्या तोफा यशस्वीपणे ओतल्या, तेथून या कथेला वेग आला. त्यांपैकी बॉड हा मुळात काशाच्या तोफा ओतणारा फ्रेंच कारागीर होता. त्या भागात खनिज लोखंड होते, कोळशासाठी जंगल होते आणि भाते चालवायला ओढ्यांचे पाणी होते. बदल मात्र सावकाश झाला. १५४५ साली बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश जहाजावर ओतीव काशाच्या आणि घडीव लोखंडाच्या तोफा शेजारी शेजारी होत्या. १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालेल्या ‘वासा’ या स्वीडिश जहाजावर ६४ तोफा होत्या. त्यांतील २४ पौंडी, म्हणजे २४ पौंड वजनाचा गोळा टाकणाऱ्या, मोठ्या तोफा काशाच्या होत्या आणि त्या इतक्या मोलाच्या होत्या की त्याच शतकात पाणबुड्यांनी घंटेसारख्या टोपात बसून, समुद्राच्या तळाशी उतरून, त्यांतील बहुतेक वर काढल्या. त्याच स्वीडनने पुढे फिन्सपाँगसारख्या कारखान्यांत बिडाच्या तोफा ओतून त्या परदेशी विकल्या.

अठराव्या शतकात खरा पालट भोक पाडण्याच्या यंत्राने घडवला. पोकळ ओतलेल्या तोफेत मातीचा गाभा जरासा कलला तरी नळी वाकडी होई, एका बाजूची भिंत पातळ पडे आणि गोळा सरळ जात नसे. स्वित्झर्लंडच्या जाँ मारिट्झ याने तोफ भरीव ओतून नंतर तिच्यात भोक पाडण्याचे यंत्र सिद्ध केले. त्याच्या पद्धतीत कापणारे हत्यार एका रेषेत स्थिर राही आणि अख्खी तोफच आडवी फिरे. ही पद्धत फ्रान्समध्ये आणि नेदरलँड्समध्ये गेली आणि १७७० साली यान व्हर्ब्रुगेन या डच ओताऱ्याबरोबर वूलिचला पोहोचली. जॉन विल्किन्सन याने १७७४ साली बिडाच्या तोफांना भोक पाडण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि त्याच अनुभवाच्या बळावर जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनासाठी अचूक नळकांडी तयार करून दिली. म्युनिकच्या शस्त्रशाळेत भोक पाडताना तोफ किती तापते हे पाहून काउंट रमफर्ड याने तोफेभोवती पाणी ठेवले आणि सुमारे अडीच तासांत ते घर्षणाने उकळले. १७९८ साली मांडलेल्या या प्रयोगाने उष्णता हा एखादा वेगळा द्रव आहे ही समजूत डळमळीत केली. तोफशाळेचे विज्ञानावर केवढे ऋण आहे, हे अशा वेळी जाणवते.

तरीही बीड सांभाळून वापरावे लागे. स्कॉटलंडच्या कॅरन कंपनीच्या तोफा वारंवार फुटू लागल्या म्हणून १७७३ साली ब्रिटिश नौदलाने त्या आपल्या जहाजांवरून काढून टाकल्या. कंपनीने त्यानंतर भोक पाडण्याची पद्धत सुधारली आणि त्याच दशकात आखूड, हलकी, पण मोठा गोळा टाकणारी ‘कॅरोनेड’ तोफ बाजारात आणली. ट्रफाल्गरच्या लढाईत, १८०५ साली, नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजाच्या खालच्या मजल्यावर ३२ पौंडी बिडाच्या तोफा होत्या आणि पुढच्या भागात ६८ पौंडी दोन कॅरोनेड होत्या.

पश्चिम किनाऱ्यापुरते एक सांगायला हवे. गोव्यात पोर्तुगीजांची काशाच्या तोफांची उत्तम ओतशाळा होती आणि तेथे बोकारो घराण्याने नाव मिळवले होते. पेद्रो दियश बोकारो गोव्यात मुख्य ओतारी होता. त्याच घराण्यातील मानुएल तावारिश बोकारो याने सतराव्या शतकात मकाव येथे ओतशाळा चालवली आणि तेथील तोफा पूर्वेकडील अनेक ठाण्यांवर गेल्या.

प्रश्न : तंजावरच्या किल्ल्यातील प्रचंड तोफेवर बाहेरून कडी दिसतात. ती ओतीव आहे का? (एक मराठी कुटुंब, तंजावर)

उत्तर : नाही, ती घडीव आहे. ही तोफ भोसल्यांच्या आधीची, नायक राजांच्या काळातील, म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे आणि तिची लांबी सुमारे २५ फूट आहे. घडीव लोखंडाच्या लांब पट्ट्या नळीच्या आकारात एकमेकींना लावून, त्यांवर तापवलेली लोखंडी कडी एकापुढे एक चढवून आणि ठोकून अशी तोफ बनवीत. कडे निवताना आकसते आणि आतल्या पट्ट्यांना करकचून आवळते. पिंपावर पट्टे बसवावेत तशी ही रचना असते. स्कॉटलंडच्या एडिंबरो किल्ल्यावरची, १४४९ साली तयार झालेली ‘मॉन्स मेग’ याच जातीची आहे. भारतीय लोहारांनी ही विद्या ज्या उंचीवर नेली ती पाहता, भट्टीत अशा प्रचंड प्रमाणावर लोखंड वितळवण्याची सोय नसल्याची उणीव त्यांनी ऐरण आणि घण यांच्या बळावर भरून काढली असे म्हणावे लागते. १८५५ नंतर विल्यम आर्मस्ट्राँग याने इंग्लंडमध्ये तोफेच्या नळीवर तापलेली कडी चढवण्याची पद्धत नव्या गणिती अचूकतेने वापरली, तिचे मूळ तत्त्व हेच होते.

प्रश्न : मराठ्यांनी स्वतः तोफा ओतल्या, की ते नेहमी परक्यांवर अवलंबून राहिले? (इतिहासाची एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण वेगवेगळ्या काळांत. शिवाजी महाराजांनी तोफा मिळवण्यासाठी किनाऱ्यावरच्या युरोपीय व्यापाऱ्यांशी व्यवहार केले. इंग्रज कुरकुर करीत, तेव्हा फ्रेंचांकडून राजापूरला तोफा घेतल्या गेल्या. पेशवाईत तोफखान्याची जबाबदारी पानसे घराण्याकडे होती आणि थोरल्या माधवरावांच्या काळात आंबेगव्हाण येथे तोफगोळ्यांचा कारखाना चालत असे. मात्र नियमित, एकसारख्या मापाच्या तोफा सातत्याने तयार करणारी व्यवस्था पाहायची असेल तर आपल्याला उत्तरेत, महादजी शिंद्यांकडे जावे लागते.

महादजींनी द बॉइन या सेनानीच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या आणि त्यांच्यासाठी आग्र्याला ओतशाळा काढली. तिचा कारभार सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाकडे होता, तरी भट्टी, साचा आणि हत्यारे सांभाळणारे हात इथल्याच कारागिरांचे होते. या तोफखान्याचा दर्जा शत्रूच्या नोंदींतच दिसतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने ९८ तोफा पकडल्या खऱ्या, पण त्या तोफांच्या माऱ्याने त्याचे दीड हजारांहून अधिक सैनिक मेले वा जखमी झाले होते. त्याच्या बारा दिवस आधी झालेल्या दिल्लीच्या लढाईत जनरल लेकने ६८ तोफा घेतल्या. त्यांची तपासणी केलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी एक विलक्षण गोष्ट नोंदवली. त्यांतील काही काशाच्या तोफांच्या आत घडीव लोखंडाची नळी होती. ती लोखंडाच्या लांब पट्ट्या काटेकोर जुळवून केली होती आणि तिच्यावर कासे अशा रीतीने ओतले होते की दोन धातूंमध्ये फट राहिली नव्हती. काशाची नळी लोखंडी गोळ्यांनी झिजते, तर लोखंडी नळी तो मार सोसते, आणि बाहेरचे चिवट कासे तिला फुटू देत नाही. तंजावरच्या लोहाराची विद्या आणि अहमदनगरच्या ओताऱ्याची विद्या येथे एकाच तोफेत एकत्र आली होती.

मराठ्यांच्या तोफा कमी प्रतीच्या होत्या म्हणून ते हरले, हे विधान अनेकदा ऐकू येते. असईपुरते तरी ते मला अजिबात मान्य नाही. तोफा उत्तम होत्या आणि गोलंदाज तोफांपाशी मरेपर्यंत उभे राहिले. कमतरता होती ती या ओतशाळेच्या मागे उभ्या राहणाऱ्या व्यवस्थेची. वूलिचचा ओतारी गेला तर त्याची रेखाचित्रे, मापे आणि शिकाऊ उमेदवार मागे राहत. आमच्याकडे मात्र धनी बदलला, सेनानी फितूर झाला किंवा आग्रा पडले की सारे ज्ञान विखुरले. मातीच्या साच्याची पद्धतच अशी होती की प्रत्येक तोफेसाठी नवा साचा करावा लागे आणि तोफ बाहेर काढताना तो फोडावा लागे. म्हणून एकच अद्वितीय तोफ ओतणे आणि शंभर सारख्या तोफा ओतणे ही दोन वेगळी कौशल्ये होती. पहिल्यात दख्खन कोणापेक्षाही मागे नव्हते. दुसऱ्यासाठी लेखी मापे, पक्की नमुना-तोफ, भोक पाडण्याचे यंत्र आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारा सरकारी खर्च लागतो. महादजींनी ते ओळखले होते, पण १७९४ साली त्यांचे निधन झाल्यावर अवघ्या नऊ वर्षांत सारे हातचे गेले.

प्रश्न : आमच्या शहरात अमेरिकन यादवी युद्धाच्या काळी मोठ्या तोफा ओतल्या जात, असे ऐकले. त्यांत नवे काय होते? (एक मराठी वाचक, पिट्सबर्ग, अमेरिका)

उत्तर : नवे होते ते तोफ निववण्याचे तंत्र. २८ फेब्रुवारी १८४४ रोजी ‘प्रिन्स्टन’ या अमेरिकन युद्धनौकेवर घडीव लोखंडाची एक प्रचंड तोफ पाहुण्यांसमोर डागताना फुटली आणि परराष्ट्रमंत्री व नौदलमंत्री यांच्यासह सहा जण ठार झाले. या घटनेनंतर थॉमस रॉडमन या अधिकाऱ्याने मोठ्या तोफा का फुटतात याचा पाठपुरावा केला. भरीव ओतलेली तोफ बाहेरून आत निवते, त्यामुळे आधी घट्ट झालेल्या बाहेरच्या थरापासून आतला धातू ओढला जातो आणि नळीच्या भिंतीत ताण साठून राहतो, हे त्याने ओळखले. त्याने तोफ पोकळ ओतली, गाभ्यातून थंड पाणी खेळवले आणि साच्याच्या बाहेर जाळ चालू ठेवला. आतला थर आधी निवे आणि बाहेरचा थर नंतर आकसून त्याला आवळून धरी.

आपल्या शहरातील फोर्ट पिट ओतशाळेत १८६४ साली या पद्धतीने २० इंची तोंडाची तोफ ओतली गेली, जी आज न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आहे. तिचे वजन सुमारे ५२ टन, म्हणजे तीनशे पंधरा वर्षांपूर्वी अहमदनगरला ओतलेल्या मुलूखमैदानच्या आसपासच आहे. मोठ्या बिडाच्या तोफांचा तो जवळजवळ शेवटचा काळ होता. जर्मनीच्या एसेन शहरातील क्रुप कारखान्याने १८५१ सालच्या लंडनच्या प्रदर्शनात पोलादी तोफ मांडली होती. पुढील तीन-चार दशकांत आरमारी तोफा पोलादाच्या झाल्या आणि ओतकाम हे ठोकून घडवण्यासाठी लागणारा पोलादी ठोकळा तयार करण्यापुरते उरले.

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या गढीत एक जुनी तोफ मातीत अर्धी पुरलेली आहे. ती कुठली हे कसे ओळखावे आणि ती स्वच्छ करावी का? (एक शिक्षक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : सर्वप्रथम ती हलवू नका, घासू नका आणि तिला रंग देऊ नका. खाऱ्या हवेत राहिलेल्या बिडाच्या तोफेत क्षार खोलवर मुरलेले असतात. वरचा गंज खरवडला की उघडी पडलेली अक्षरे पाहता पाहता पापुद्र्यांसकट गळून जातात. राज्य पुरातत्त्व विभागाला पत्राने कळवा आणि तोवर छायाचित्रे व मापे घेऊन ठेवा.

ओळखण्यासाठी प्रथम रंग पाहावा. हिरवट झाक असेल तर कासे, तांबूस-काळा गंज असेल तर लोखंड समजावे. लोखंडी तोफेच्या अंगावर आडवी कडी आणि त्यांच्यातील जोड दिसत असतील तर ती घडीव आहे, आणि अंग सलग असून कमरपट्ट्यासारख्या उठावाच्या रेषा असतील तर बहुधा ओतीव. मग दोन्ही बाजूंचे जे गोल खुंट गाड्यावर टेकतात त्यांच्या तोंडावर पाहावे. तेथे कारखान्याची खूण, अनुक्रमांक किंवा साल असते. स्वीडनच्या फिन्सपाँगच्या तोफांवर इंग्रजी ‘एफ’ अक्षर आढळते. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफांवर कंपनीच्या नावातील तीन अक्षरांची गुंफण असते. ब्रिटिश सरकारी तोफांवर मुकुटाखाली राजाच्या नावाची अक्षरे असतात.

इंग्लिश तोफांवर बुडाजवळ पुष्कळदा तीन आकडे कोरलेले दिसतात आणि गावकरी ते साल समजतात. ते वजन असते. पहिला आकडा हंड्रेडवेटचा म्हणजे ११२ पौंडांचा, दुसरा २८ पौंडांच्या पावांचा आणि तिसरा सुट्या पौंडांचा. समजा, ५५–२–१४ असे आकडे असतील तर ५५ गुणिले ११२ म्हणजे ६,१६०, त्यात ५६ आणि १४ मिळवून ६,२३० पौंड, म्हणजे सुमारे २,८२६ किलो होतात. एवढ्या वजनाची तोफ सर्वसाधारणपणे ३२ पौंडी गोळ्याची, म्हणजे मोठ्या जहाजाच्या खालच्या मजल्यावरची असते. आपल्या तोफेवर असे आकडे सापडले तर तोंडाचा व्यास मोजून तोही विभागाला लिहिलेल्या पत्रात अवश्य कळवावा.